पन्नाशीची पद्मिनी आणि अभिजाततेचा प्रश्न

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्यास मान्यता दिली. तेव्हापासून 'अभिजात' हा शब्द आपल्याकडे उदंड वापरला जातो. सत्कारसमारंभांच्या निमंत्रणपत्रिकांवर तो दिसतो, विद्यापीठीय चर्चासत्रांच्या शीर्षकांत दिसतो आणि नेत्यांच्या भाषणांत तर हमखास असतो. मात्र एखादी गोष्ट अभिजात ठरते म्हणजे तिचे नेमके काय होते, हा प्रश्न फारसा कोणी विचारताना दिसत नाही. तो प्रश्न आम्ही येथे एका आडवाटेने विचारणार आहोत. ही आडवाट जुन्या आणि स्वस्त इटालियन मोटारींची आहे. साहित्याच्या अभ्यासकांना हा विषय उपरा वाटण्याचा संभव आहे. परंतु आपल्या विषयाच्या आत राहून ज्या शब्दाची धार बोथट झाली, ती पुन्हा लावायला कधी कधी शेजारच्या गल्लीतल्या सहाणेची गरज पडते.

युरोप-अमेरिकेत जुन्या मोटारींच्या शौकिनांमध्ये एक गाडी विशेष लाडकी आहे. तिचे नाव फियाट एक्स-वन-नाइन. बेर्तोने या तूरिनच्या प्रसिद्ध संस्थेने १९६९ साली 'रनअबाउट' नावाचा एक प्रायोगिक नमुना प्रदर्शनात मांडला होता. त्यातून ही दोन आसनी, पाचरीच्या आकाराची गाडी घडली आणि १९७२ साली बाजारात आली. तिची आकृती मार्चेल्लो गांदिनी यांची. मार्च २०२४ मध्ये निवर्तलेल्या या कलावंताच्या नावावर १९६६ची लॅम्बोर्गिनी मिउरा आहे. मिउरामध्ये बारा सिलिंडरचे इंजिन आसनांच्या मागे, मागच्या चाकांच्या पुढे, म्हणजे गाडीच्या जवळजवळ मधोमध बसवले होते. शर्यतीच्या गाड्यांची ही रचना मिउरामुळे रस्त्यावर आली खरी, पण ती धनिकांपुरतीच. इंजिन मधोमध असले की गाडीचे सर्वांत मोठे ओझे दोन्ही आसांच्या मध्ये येते. त्यामुळे वळणावर गाडी जणू स्वतःच्याच कंबरेत वळते. हा अनुभव सामान्य माणसाला परवडणारा नव्हता.

एक्स-वन-नाइनने तो परवडणारा केला, आणि कसा केला हे आमच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. फियाटने १९६९ साली '१२८' नावाची एक साधी कौटुंबिक गाडी काढली होती. तिचे इंजिन आणि गिअरबॉक्स पुढच्या भागात आडवे बसवलेले असत आणि ते पुढची चाके ओढत. तोच संच उचलून आसनांच्या मागे ठेवला आणि त्याने मागची चाके फिरवली, की झाली मध्यभागी इंजिन असलेली क्रीडामोटार! १२९० घनसेंटिमीटरचे ते इंजिन ऑरेलियो लाम्प्रेदी यांनी रेखाटलेले होते. याच लाम्प्रेदींनी पूर्वी फेरारीसाठी इंजिने रेखाटली होती. पुढे १४९८ घनसेंटिमीटरचे इंजिन आले आणि १९८९ पर्यंत ही गाडी तयार होत राहिली. सुटे भाग कौटुंबिक गाडीचेच असल्याने ती घेणे आणि राखणे शिक्षकाला, कारकुनाला, कारागिराला जमू लागले. तिचा पत्रा गंजतो, हे तिचे चाहतेही मान्य करतात. तरीही ती गॅरेजात झाकून ठेवण्याऐवजी रविवारी घाटात नेण्याची गाडी राहिली.

मराठीच्या विद्यार्थ्यांना या युक्तीत काही ओळखीचे दिसावे. ओवीचे नाते स्त्रियांच्या जात्यावरील गाण्यांशी सांगितले जाते. घरातल्या श्रमाबरोबर चालणारी ती लय ज्ञानदेवांनी १२९० साली गीतेच्या तत्त्वचर्चेच्या मधोमध आणून ठेवली. यंत्र घरचेच होते. त्याची जागा बदलली आणि जे ज्ञान संस्कृतज्ञांच्या मक्त्यात होते ते वळणावर हलके झाले. साम्य फार ताणू नये हे आम्ही जाणतो. परंतु अभिजात म्हणून आज आपण ज्या ग्रंथाला वंदन करतो, तो जन्मतः स्वस्त करण्याचा, आवाक्यात आणण्याचा उद्योग होता, एवढे विस्मरणात जाऊ नये.

आता विक्रोळीकडे येऊ. येथे राहून एक्स-वन-नाइन बाळगणे ही जवळपास दिवास्वप्नाची गोष्ट आहे. वापरलेल्या परदेशी गाड्यांच्या आयातीवर आपल्याकडे वर्षानुवर्षे कडक निर्बंध राहिले आहेत, आणि मुळात त्या गाडीचे सुकाणू बहुधा डाव्या बाजूला. मधोमध इंजिन असलेल्या क्रीडामोटारीचा प्रयत्न महाराष्ट्रात झाला तो फार उशिरा. दिलीप छाब्रिया यांच्या संस्थेने २०१२ साली दिल्लीच्या वाहनप्रदर्शनात 'अवंती' मांडली. तिच्यातले दोन लिटरचे इंजिनही रेनॉकडून घेतलेले होते. म्हणजे युक्ती तीच, पण किंमत मात्र सामान्यांच्या आवाक्याबाहेर. त्याआधी, गेल्या शतकाच्या अखेरीस, गोव्यात 'सॅन स्टॉर्म' ही दोन आसनी उघडी गाडी तयार होत असे. ती तुलनेने स्वस्त होती, पण तिचे इंजिन पुढे होते आणि ती रस्त्यावर क्वचितच दिसली. तेव्हा स्वस्त, जुनी आणि इटालियन या तिन्ही विशेषणांना पात्र अशी आपल्या वाट्याची गाडी एकच आहे. ती आमच्या दारात उभी आहे. तिचे नाव प्रीमियर पद्मिनी.

पद्मिनी क्रीडामोटार नव्हे. चार दारे, पुढे इंजिन, मागच्या चाकांना गती, सुकाणूच्या दांड्याला जोडलेला गिअर, चारही चाकांना ड्रम-ब्रेक, अशी तिची सरळ गृहस्थी मांडणी. परंतु कुळ तेच आहे. दान्ते जाकोसा या फियाटच्या थोर अभियंत्याने १९५३ साली जी नवी '११००' घडवली, तिचीच ही लेक. पुढे '१२८' ही देखील जाकोसा यांच्याच देखरेखीखाली साकारली. म्हणजे एक्स-वन-नाइन आणि पद्मिनी या एकाच घराण्यातल्या दोन पिढ्या. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी तयार होत असे. १९६४ पासून '११०० डिलाइट', मग अल्पकाळ 'प्रेसिडेंट' आणि १९७४ पासून 'पद्मिनी' अशी नावे तिने घेतली. चितोडच्या ज्या राणीचे नाव तिला मिळाले, ती राणी मलिक मुहम्मद जायसीच्या १५४० सालच्या 'पद्मावत' या काव्यातून लोकमानसात पोहोचलेली. इटालियन आराखडा, कुर्ल्याचा कामगार आणि अवधी काव्यातली नायिका! आपल्या आधुनिकतेचे याहून बोलके चिन्ह शोधून सापडणार नाही.

ज्या लालबहादूर शास्त्री मार्गालगत कुर्ल्याचा तो कारखाना होता, तोच रस्ता पुढे घाटकोपर ओलांडून विक्रोळीत येतो. या पट्ट्यातल्या कितीतरी घरांची चूल अशा कारखान्यांवर चालली. प्रीमियरमधल्या पगारवाढीच्या लढ्यांनी डॉ. दत्ता सामंत हे नाव या भागात घरोघरी गेले. आज कारखान्याच्या जागी इमारती आहेत. गाडीचे उत्पादन शतकाबरोबरच संपले. मुंबईच्या परिवहन कार्यालयात टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ची. वीस वर्षांची वयोमर्यादा भरताच, म्हणजे ऑक्टोबर २०२३ अखेर, तीही रस्त्यावरून उतरली. वृत्तपत्रांनी त्या दिवशी हळवे मथळे दिले. खाजगी नोंदणीच्या काही पद्मिनी मात्र अजून आहेत. आमची त्यांपैकी एक.

अशी गाडी चालवणे म्हणजे काय, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. सकाळी चोक ओढावा लागतो आणि तो किती वेळ ओढून ठेवायचा हे त्या दिवसाची हवा ठरवते. सुकाणू हलके करणारी कोणतीही यंत्रणा नसल्याने उभ्या गाडीची चाके वळवताना खांदे बोलू लागतात. ब्रेकवर पाय आधी ठेवावा लागतो, म्हणजे पुढच्या गाडीकडे लक्षही आधी द्यावे लागते. मे महिन्याच्या दुपारी पूर्व द्रुतगती मार्गावर वाहतूक तुंबली की उष्णतामापकाच्या काट्याकडे डोळा ठेवून बसावे लागते. कार्ब्युरेटरच्या कोणत्याही गाडीत उष्णतेने पेट्रोलची वाफ धरते, आणि मग बोनेट उघडून, पंपावर ओले फडके ठेवून थांबण्यावाचून इलाज नसतो. नव्या गाडीत आपण प्रवासाचा परिणाम विकत घेतो. या गाडीत प्रवासाची क्रिया आपल्याकडेच राहते. जुना ग्रंथ टीपांसह वाचणे आणि त्याचा सारांश वाचणे यांत जो फरक, तोच येथे आहे.

परंतु खरा मुद्दा चालवण्याचा नाही, दुरुस्तीचा आहे. पद्मिनी जिवंत राहते ती दोन गोष्टींमुळे. पहिली म्हणजे कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या ठिकाणचा जुन्या भागांचा बाजार. दुसरी म्हणजे कानाने इंजिनाचा दोष सांगणारा मिस्त्री. आमचे मिस्त्री सत्तरीच्या पुढचे आहेत. डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट किती उघडावेत हे ते पट्टीने मोजत नाहीत. गाडीचा आवाज ऐकतात, स्क्रू किंचित फिरवतात, पुन्हा ऐकतात. त्यांचा मुलगाही याच धंद्यात आहे, पण तो संगणक जोडून दोष वाचणाऱ्या नव्या गाड्यांचे काम करतो. त्यात त्याचे काही चुकत नाही, पोट तिथे आहे. मात्र वडिलांची विद्या कोणत्याही पुस्तकात उतरलेली नाही. ती त्यांच्या बोटांत आहे. ज्या गाड्यांवर ती वापरायची त्या गाड्या जेव्हा चालायच्या थांबतील, त्याच दिवशी ती विद्याही संपेल. वस्तू संग्रहालयात टिकते, विद्या टिकत नाही.

येथे पाठचिकित्सेच्या विद्यार्थ्यांना एक जुना प्रश्न भेटेल. आमच्या गाडीचा एक दरवाजा दुसऱ्या पद्मिनीचा आहे, रेडिएटर तिसरीचा, आणि रंग तर तीनदा बदललेला. मग ही 'मूळ' गाडी आहे काय? एकनाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली तेव्हा त्यांच्यापुढे असाच पेच होता. लोकांनी ग्रंथ इतका वापरला होता की त्यात अनेक हातांच्या ओव्या शिरल्या होत्या. नाथांनी प्रती ताडून पाहिल्या, पाठ सुधारला आणि पुढे कोणी भर घालू नये असे बजावले. पण शुद्ध केलेली प्रत त्यांनी बासनात बांधून ठेवली नाही. ती पुन्हा वाचकांच्या हाती दिली. प्रत बिघडली होती ती वापरामुळे, हे खरे. पण तीनशे वर्षांनी ती दुरुस्त करावीशी वाटली, तीही वापरामुळेच. ज्या ग्रंथाला वाचक नसतात त्यात प्रक्षेप होत नाहीत, आणि त्याला एकनाथही भेटत नाहीत.

या पार्श्वभूमीवर शासनाचे नियम पाहावेत. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये जुन्या वाहनांसाठी नवे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटलेले आणि मूळ स्वरूपात राखलेले वाहन 'व्हिंटेज' म्हणून नोंदता येते. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये. अशा वाहनाला वेगळी क्रमांकमालिका मिळते, मान मिळतो. परंतु ते प्रदर्शन, संशोधन, जुन्या गाड्यांची फेरी, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यापुरतेच रस्त्यावर आणता येते. नित्याच्या वापराला मनाई. जो हा मान घेणार नाही त्याच्यासाठी दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण आहे. त्याचे मोटारीसाठीचे शुल्क एप्रिल २०२२ पासून पाच हजार झाले, आणि वीस वर्षांवरील गाड्यांसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये दहा हजार. शिवाय राज्याचा पर्यावरण कर. म्हणजे मालकापुढे दोन वाटा ठेवल्या आहेत: एक तर पूज्य व्हा आणि घरी बसा, नाही तर वापरात राहा आणि दंड भरल्यासारखे पैसे भरत राहा.

योगायोग असा की १९७४ची पद्मिनी २०२४ साली पन्नाशीची झाली आणि त्याच वर्षी मराठी अभिजात ठरली. दोन्हीकडचे निकष शेजारी ठेवून वाचले की आम्हांस अस्वस्थ व्हायला होते. भाषेसाठीही पहिला निकष वयाचा: दीड ते दोन हजार वर्षांचे प्राचीनत्व. पूर्वीच्या निकषांत वाङ्मयीन परंपरा मूळची असावी, दुसऱ्या भाषासमाजाकडून उसनी घेतलेली नसावी, अशीही अट होती. २०२४ मध्ये निकष सुधारले तेव्हा ती गळली, हे उत्तम झाले, कारण सुटे भाग न बदलता दोन हजार वर्षे चाललेली भाषा जगात नाही. मात्र भाषेचे अभिजात रूप आणि आजचे रूप यांत अंतर वा खंड असू शकतो, ही धारणा राहिली. व्हिंटेज गाडीला नित्य वापराची मनाई आणि अभिजात रूपाला आजपासून वेगळे काढण्याची मुभा, या दोन्ही गोष्टींच्या मुळाशी एकच समजूत आहे. ती अशी की मोठेपण हे निवृत्तीनंतर मिळते.

आमचा या समजुतीला विरोध आहे. दर्जा मिळाला याचा आनंद आम्हांसही आहे. रंगनाथ पठारे यांच्या समितीने त्यासाठी घेतलेले श्रम आदरास पात्र आहेत. परंतु दर्जा म्हणजे गॅरेज नव्हे. मराठी माध्यमाच्या शाळांचे वर्ग ओस पडत असताना, लीळाचरित्र वाचू शकणारा तरुण अध्यापक शोधावा लागत असताना, केवळ प्राचीनतेचा फलक लावून गाडी चालणार नाही. यादवकालीन गद्य वाचण्याची विद्या ही देखील आमच्या मिस्त्रींच्या विद्येसारखीच हातातली विद्या आहे. ती एका माणसाने दुसऱ्याला शेजारी बसवून शिकवावी लागते. मोडी वाचणाऱ्याच्या बोटाखालून जे अक्षर सरकते ते वर्गातल्या फळ्यावर पूर्णपणे उतरत नाही.

आमच्या म्हणण्यावर दोन आक्षेप येतील आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला धुराचा. पद्मिनीच्या धुराड्यात धूर शुद्ध करणारे यंत्र नाही, अपघातात माणूस वाचवणारी साधने नाहीत. ज्या शहरात मुले खोकत शाळेत जातात तेथे स्मृतीच्या नावाखाली विष सोडण्याचा हक्क कोणालाही नाही. मुंबई उच्च न्यायालयाने पेट्रोल-डिझेलच्या वाहनांविषयीच जानेवारी २०२५ मध्ये प्रश्न उपस्थित केला, तो उगाच नव्हे. हा आक्षेप आम्ही मानतो. म्हणून आमची मागणी मर्यादित आहे. परीक्षा वयाची न होता धुराची आणि ब्रेकची व्हावी, ती कठोर व्हावी, आणि जी गाडी तीत उतरेल तिला वर्षाकाठी ठरावीक अंतर नित्याच्या कामासाठी धावू द्यावे. नादुरुस्त गाडी दहा वर्षांची असली तरी थांबवावी. सुस्थितीतली पन्नास वर्षांची असली तरी तिला महिन्यातून चार वेळा बाजारात जाऊ द्यावे.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. पद्मिनीचे हे कौतुक सुखवस्तूंचे स्मरणरंजन नव्हे काय? परवान्यांच्या काळात गाडी मिळायला नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे, आणि नाव नोंदवण्याची ऐपत किती जणांची होती? ज्यांनी ती दिवसाचे बारा तास टॅक्सी म्हणून चालवली, त्यांच्यातल्या अनेकांना नवी, हलक्या सुकाणूची गाडी हाती आल्यावर सुटल्यासारखे वाटले असेल. त्यांच्या पाठदुखीवर आपण निबंध लिहू नयेत, हे खरेच. जुने ते जुने म्हणून चांगले, असे आम्ही म्हणतच नाही. नव्या गाडीने त्या चालकाचे भले केले. आमचे म्हणणे एवढेच की जुन्यातले जे राखायचे ठरेल ते अशा रीतीने राखावे, की त्याच्यावर काम करता येईल, ते उघडता येईल, बिघडले तर साध्या माणसाला परवडेल अशा खर्चात जोडता येईल. श्रीमंताच्या दिवाणखान्यातली चकचकीत पद्मिनी आम्हांसही नको आहे.

म्हणून 'स्वस्त' हा शब्द आमच्या लेखी 'अभिजात' या शब्दाचा शत्रू नाही, त्याचा राखणदार आहे. एक्स-वन-नाइन आजवर चालती राहिली ती घराघरांतल्या गाडीचे इंजिन तिच्यात होते म्हणून. तुकारामांची गाथा घराघरांत राहिली त्यात शासनाने काढलेल्या स्वस्त आवृत्तीचा वाटा मोठा आहे. आमच्याच विक्रोळीच्या गोदरेजने १९५५ साली भारतीय बनावटीचा पहिला टंकलेखनयंत्राचा नमुना सिद्ध केला. त्या यंत्रांचे उत्पादन थांबून आता बरीच वर्षे झाली, तरी कचेऱ्यांबाहेरच्या फुटपाथवर ती दीर्घकाळ खडखडत राहिली, कारण फीत स्वस्त होती आणि दुरुस्त करणारा कोपऱ्यावर बसत होता. टिकण्याचे शास्त्र इतके साधे आहे.

अभिजात मराठीसाठी निधी येईल, केंद्रे उभी राहतील, ग्रंथांच्या देखण्या आवृत्त्या निघतील. त्या प्रत्येक उपक्रमाला साहित्याच्या शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी तीन प्रश्न विचारावेत. हे कोणाला परवडेल? हे बिघडल्यास कोण दुरुस्त करील? आणि त्या दुरुस्ती करणाऱ्याच्या शेजारी आज कोणी शिकाऊ पोर बसले आहे काय? पहिल्या दोहोंची उत्तरे अर्थसंकल्पात सापडतील. तिसऱ्याचे उत्तर मात्र आपल्या वर्गांतच द्यावे लागेल.